माझगावचे काका बॅप्टिस्टा आणि आयर्लंडहून आलेला एक शब्द



१७ मार्च हा संत पॅट्रिकचा सण. आयर्लंडमध्ये त्या दिवशी गावोगावी मिस्सा होतात आणि मिरवणुका निघतात. १८६४ साली याच दिवशी मुंबईच्या माझगावात, माथारपाखाडी नावाच्या छोट्याशा ख्रिस्ती वस्तीत एका मुलाचा जन्म झाला. पुढे या मुलाने आयर्लंडच्या लढ्यातला एक शब्द उचलून हिंदुस्थानात रुजवायला मदत केली. तो शब्द म्हणजे होमरूल, आणि तो मुलगा म्हणजे जोसेफ बॅप्टिस्टा. मुंबईचे लोक त्यांना प्रेमाने काका म्हणत. लोकमान्य टिळकांच्या अगदी जवळच्या माणसांत या कॅथोलिक बॅरिस्टराची गणना होत असे. शाळेच्या पुस्तकात होमरूल लीगचे नाव येते, टिळकांचे आणि अ‍ॅनी बेझंट यांचे नाव येते, पण टिळकांच्या लीगचा पहिला अध्यक्ष कोण होता हे आपल्या मुलांना विचारून पाहा. फार थोड्यांना सांगता येईल.

बॅप्टिस्टांचे घराणे मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि मासेमारी करणारी, घरात मराठीच बोलणारी. मुंबई, साष्टी आणि वसईकडच्या या ख्रिस्ती समाजाने १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. आपण ब्रिटिश सरकारची सर्वांत जुनी आणि निष्ठावंत प्रजा आहोत, सरकारी नोकऱ्यांत आपला हक्क आधी, असे त्यांना दाखवायचे होते. यात त्यांना हसण्यासारखे काही नाही. लहान समाजाला पोटाची काळजी असते आणि सत्तेच्या सावलीत बरे वाटते. पण याच समाजातून काका पुढे आले आणि त्यांनी नेमकी उलटी वाट धरली, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या आयुष्याचे वजन कळत नाही.

माझगावच्या सेंट मेरीज शाळेत त्यांचे शिक्षण झाले. मग पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज, मग काही काळ सिंध प्रांतात वनखात्याची नोकरी. पगार होता, मान होता. ती नोकरी सोडून ते इंग्लंडला गेले, केंब्रिजच्या फिट्झविल्यममध्ये राज्यशास्त्र शिकले आणि बॅरिस्टर होऊन परतले. हा काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाचा. त्या दशकात इंग्लंडमध्ये राज्यशास्त्र शिकणाऱ्याला एक प्रश्न टाळताच येत नव्हता, तो आयर्लंडचा. म्हणून थोडे तिकडे जाऊ.

आयर्लंड हा बहुसंख्य कॅथोलिक शेतकऱ्यांचा देश. जमीन मात्र मूठभर जमीनदारांची, आणि त्यांतले बरेचसे इंग्लंडमध्ये राहणारे. कूळ शेतात राबायचे, मक्ता भरायचे, आणि भरता आला नाही तर घरासकट बाहेर. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली. जवळजवळ तितकीच बोटीत बसून परदेशी गेली. त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य इंग्लंडला जातच होते. १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांच्या गोष्टी ज्यांच्या घरात आजी-पणजीकडून उतरल्या आहेत, त्या वऱ्हाडी माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे रयतवारी होती. शेतकरी खातेदार होता, पण सावकाराच्या वहीत अडकलेला. तिकडे जमीनदार, इकडे सावकार. कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर कापड नाही ही गोष्ट दोन्हीकडे खरी.

१८७९ साली मायकेल डेव्हिट या गरीब कॅथोलिक माणसाने लँड लीग उभी केली. त्याच्या लहानपणी त्याच्या आईबापांना घरातून हुसकावले गेले होते, आणि अकराव्या वर्षी इंग्लंडच्या गिरणीत त्याने एक हात गमावला होता. लीगचे अध्यक्षपद त्याने चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेलला दिले. पार्नेल स्वतः जमीनदार आणि प्रॉटेस्टंट. तरी कॅथोलिक कुळांनी त्याला डोक्यावर घेतले. १८८० साली मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याविरुद्ध गावाने असहकार केला. कोणी त्याचे पीक कापेना, कोणी त्याला सामान विकेना. बाहेरून पन्नासेक मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. बॉयकॉट हा इंग्रजी शब्द त्या माणसाच्या नावावरून आला. पुढे बंगालच्या फाळणीनंतर आपल्याकडे विलायती मालावर बहिष्कार पडला तेव्हा वर्तमानपत्रांत तोच शब्द छापला गेला.

पार्नेलने जमिनीच्या प्रश्नाला होमरूलची जोड दिली. आपल्या घराचा कारभार आपण करू, एवढीच मागणी. १८८६ साली ग्लॅडस्टनने त्यासाठी विधेयक आणले. ते थोडक्यात पडले, पण आज ना उद्या ते होणार असे सर्वांना वाटू लागले. आणि मग ती प्रेमकथा उघडी झाली. आयर्लंडच्या लढ्यावर कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी हिच्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. पार्नेलच्या पक्षातला एक खासदार कॅप्टन ओशे, त्याची पत्नी कॅथरिन. १८८० पासून पार्नेल आणि ती एकमेकांच्या प्रेमात होती, जवळजवळ एकत्र राहत होती, त्यांना मुले झाली होती. नवरा वेगळा राहत होता आणि त्याला बहुतेक सगळे ठाऊक होते. १८९० च्या नोव्हेंबरात घटस्फोटाचा खटला लागला आणि दोघांनी बचावही केला नाही. इंग्लंडमधल्या प्रॉटेस्टंट मतदारांनी आधी आवाज उठवला, ग्लॅडस्टनने हात काढला, आणि मग आयर्लंडच्या बिशपांनी जाहीर केले की असा माणूस लोकांचा पुढारी राहण्यास योग्य नाही. पक्ष फुटला. घराघरांत बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला झाला. १८९१ च्या जूनमध्ये पार्नेलने कॅथरिनशी लग्न केले आणि ऑक्टोबरात तो मेला. वय पंचेचाळीस.

या प्रकरणाविषयी माझे मत विचाराल तर, विवाहबंधनाविषयी बिशपांनी जे सांगितले ते त्यांनी सांगायलाच हवे होते. दुसरे काही सांगितले असते तर ते आपल्या जागेवर बसण्यास लायक ठरले नसते. पण शिकवण सांगणे वेगळे आणि राजकीय पुढारी निवडून देणे वेगळे. दहा वर्षे सर्वांना कुजबुजत माहीत असलेली गोष्ट कोर्टात आल्यावरच पाप ठरावी, हेही मनाला खटकते. आणि कॅथरिनच्या वाट्याला जे आले ते फार कडू होते. लोक तिला किटी म्हणू लागले. त्या काळी तो शब्द हलक्या बाईसाठी वापरत. तिला त्या नावाने हाक मारणारे कोणी तिच्या ओळखीचे नव्हते. आपल्या गावांतही असेच होते. पुरुषाचे नाव पुतळ्यावर जाते आणि बाईचे नाव पारावर.

बॅप्टिस्टा इंग्लंडला पोहोचले तेव्हा ही जखम ओलीच होती. १८९३ साली होमरूलचे दुसरे विधेयक कॉमन्सने मंजूर केले आणि लॉर्ड्सने फेटाळले होते. आयरिश लढ्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. चळवळ म्हणजे केवळ सभा आणि टाळ्या नव्हेत. तिला शाखा लागतात, वर्गणी लागते, वकील लागतात, आणि ज्या संसदेपुढे गाऱ्हाणे मांडायचे त्या संसदेच्या भाषेत ते मांडता यावे लागते, हे आयरिश लोकांनी करून दाखवले होते. अर्थात आपल्या काँग्रेसलाही आयर्लंड परके नव्हते. १८९४ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष अल्फ्रेड वेब हे आयरिश खासदार होते. आणि १८९७ साली काँग्रेस आपल्या अमरावतीत भरली तेव्हा स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे.

मुंबईला परतल्यावर बॅप्टिस्टा हायकोर्टात वकिली करू लागले. १९०१ साली ते म्युनिसिपालिटीत निवडून गेले आणि तिथे सतरा वर्षे होते. टिळकांशी मैत्री जुळली आणि ती टिळकांच्या मरणापर्यंत टिकली. एक चित्पावन ब्राह्मण, गीतेवर भाष्य लिहिणारा. दुसरा रविवारी मिस्साला जाणारा कॅथोलिक. दोघांपैकी कोणीही दुसऱ्यासाठी आपला धर्म पातळ केला नाही. ही गोष्ट मला त्यांच्या सर्व राजकारणाहून मोठी वाटते. आजकाल सलोखा म्हणजे आपापले देव जरा बाजूला ठेवणे अशी समजूत दिसते.

१९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, पण मदतीला वकील मित्र होते. त्यांत माझगावचे बॅप्टिस्टा होते तसे अमरावतीचे खापर्डेही. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेला गेले. गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले, वर्षाला एक दिवस. खापर्डे प्रिव्ही कौन्सिलातल्या अपिलासाठी विलायतेला गेले, अपील फेटाळले गेले, आणि वऱ्हाडचा हा नबाब दोनेक वर्षांनी रिकाम्या हाताने परतला. १९१० मध्ये सावरकरांवर मुंबईत खास न्यायमंडळापुढे खटला चालला तेव्हा बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. अशा खटल्यात उभे राहणाऱ्या वकिलाला सरकारदरबारी पुढे कोणते दरवाजे बंद होतात, हे त्यांना समजत नव्हते असे नाही.

१९१४ साली टिळक सुटले. सहा वर्षांत माणसे पांगली होती, काँग्रेस मवाळांच्या हाती होती. नव्याने उभे राहायचे तर कशाच्या नावाने? स्वराज्य शब्द सरकारला झोंबत होता. होमरूल शब्दाची गोष्ट निराळी. तो खुद्द ब्रिटिश पार्लमेंटमध्ये तीन वेळा चर्चेला आला होता, इंग्लंडच्या पंतप्रधानाने त्याची बाजू घेतली होती. मग तोच शब्द हिंदी माणसाने उच्चारला तर राजद्रोह कसा होईल? कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद पक्का होता. आमच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्हाला पुन्हा पुन्हा शिकवला गेला, की कायदा विवेकाला आणि सर्वांच्या हिताला धरून असेल तरच तो खरा कायदा. होमरूलवाल्यांनी हेच हत्यार वापरले. सरकारचा कायदा मोडण्याऐवजी त्यांनी तो सरकारसमोर धरला.

१९१६ च्या एप्रिलअखेर बेळगावला प्रांतिक परिषद भरली. गांधीजीही तिथे होते, तेव्हा अजून नवखे. २८ एप्रिल रोजी होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. लीगच्या क्षेत्रात महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत आणि आपले वऱ्हाड. मुंबई शहर आणि बाकीचा देश पुढे बेझंटबाईंच्या वेगळ्या लीगकडे गेला.

आता तारीख पाहा. त्या वर्षी ईस्टर २३ एप्रिलला होता. म्हणजे बेळगावची सभा पुनरुत्थानाच्या आठवड्यातली. आणि त्याच आठवड्यात, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिन शहरात काही शेकडो आयरिश तरुणांनी मुख्य पोस्ट ऑफिस ताब्यात घेऊन प्रजासत्ताक जाहीर केले होते. त्यांना होमरूलची वाट पाहण्याचा कंटाळा आला होता. बेळगावात होमरूल शब्दाला जन्म मिळत होता तेव्हा त्याच्या माहेरी तोफा चालू होत्या. २९ तारखेला बंडवाले शरण आले.

त्यांच्या पुढाऱ्यांत जोसेफ प्लंकेट नावाचा अठ्ठावीस वर्षांचा कवी होता, क्षयाने पोखरलेला, नुकतीच मानेवर शस्त्रक्रिया झालेला. ग्रेस गिफर्ड या चित्रकार मुलीशी त्याचे लग्न ठरले होते, ईस्टरच्याच दिवशी. त्यासाठी नव्हे, पण त्याच महिन्यात ती प्रॉटेस्टंट घरातून येऊन कॅथोलिक झाली होती. बंडामुळे लग्न राहिले. त्याला मृत्युदंड झाला हे कळताच ग्रेसने डब्लिनच्या दुकानातून अंगठी घेतली आणि ३ मेच्या संध्याकाळी किल्मेनहॅम तुरुंगात गेली. रात्री तुरुंगाच्या चॅपेलमध्ये मेणबत्तीच्या उजेडात फादर युजीन मॅकार्थी यांनी त्यांचे लग्न लावले. आपण वऱ्हाडातली माणसे, वऱ्हाडाशिवाय लग्न आपल्याला ठाऊक नाही. या लग्नाला वऱ्हाडी नव्हते, संगिनी लावलेले शिपाई होते आणि तेच साक्षीदार. लगेच दोघांना वेगळे केले. पहाटेपूर्वी तिला दहा मिनिटांची भेट मिळाली, तीही पहारेकऱ्यांसमोर. ४ मेच्या पहाटे त्याला गोळ्या घातल्या. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीप्रमाणे विवाहाचा संस्कार वधू-वर स्वतः एकमेकांना देतात, धर्मगुरू साक्षी असतो. त्यामुळे त्या लग्नात काही अपुरे राहिले असे मला कधी वाटले नाही. ग्रेसने पुन्हा लग्न केले नाही. ती १९५५ साली वारली.

बंडाचे समर्थन मी करत नाही. शस्त्र उचलण्यापूर्वी यशाची रास्त आशा हवी आणि बाकी सर्व उपाय थकलेले हवेत, ही जुनी कसोटी. डब्लिनच्या तरुणांना ती लावली तर ते निदान पहिल्या अटीत नापास होतात. पण बारा मेपर्यंत सरकारने एकामागून एक जे गोळीबार केले, त्यांनी आयर्लंडचे मन फिरवले हेही खरे.

इकडे टिळकांवर त्याच वर्षी जुलैत, साठाव्या वाढदिवशी, वीस हजारांच्या जामिनाची नोटीस बजावली गेली. बेळगाव आणि अहमदनगरची भाषणे राजद्रोही ठरवून. हायकोर्टाने नोव्हेंबरात तो हुकूम रद्द केला. होमरूल मागणे हा गुन्हा नव्हे, यावर कोर्टाचाच शिक्का बसला. मग लीग झपाट्याने वाढली. १९१७ च्या सुरुवातीला लखनौच्या काँग्रेसहून परतल्यावर टिळक वऱ्हाडात फिरले. यवतमाळ, अकोला इथे सभा झाल्या. वर्षाला एक रुपया वर्गणी देऊन शेतकरीही सभासद झाले. स्वराज्य हा आपला जन्मतःचा हक्क आहे ही टिळकांची गर्जना याच दिवसांत घरोघर पोहोचली. ती शब्दरचना मुळात काका बॅप्टिस्टांची, असे त्यांच्या बाजूचे लोक सांगत आले आहेत. असेलही. पण ती टिळकांच्या तोंडून निघाली म्हणून देशभर गेली.

१९१७ सालीच लीगने काकांना इंग्लंडला पाठवले. महायुद्ध चालू, समुद्रात पाणबुड्यांचे भय. तिथे त्यांनी मजूर पक्षाच्या लोकांशी संबंध जोडले. परतल्यावर ते मुंबईच्या कामगारांत आणि टपालवाल्यांत अधिकच रमले. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. तीनच महिन्यांनी, ३१ ऑक्टोबरला, मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस जन्माला आली. लाला लजपतराय अध्यक्ष, बॅप्टिस्टा तिच्या उभारणीत आघाडीवर. पुढच्या वर्षी झरियाच्या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात दुसरे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष तेच. कामगार हा विकत घेतलेला माल नव्हे, धंद्यातला भागीदार आहे, असा त्यांचा आग्रह. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य केला होता, त्या वाटेने चालणारा हा कॅथोलिक माणूस.

गांधीजींचा असहकार मात्र त्यांना पटला नाही. सरकार जेवढे देईल तेवढे घ्यावे, त्याचा उपयोग करावा आणि उरलेल्यासाठी भांडावे, ही टिळकांची प्रतियोगी सहकारिता त्यांनी सोडली नाही. वऱ्हाडातले खापर्डे आणि बापूजी अणे याच मताचे. १९२६ साली या मताच्या मंडळींची बैठक अकोल्यातच भरली होती. काळ पुढे गेला आणि ही माणसे मागे पडली. माझ्या मते काका विस्मरणात गेले त्याचे कारण ते ख्रिस्ती होते हे नसून हे आहे. अल्पसंख्य असल्याचे दुःख आपण कधी कधी जिथे नसते तिथेही पाहतो.

१९२५-२६ साली ते मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. आज ज्याला महापौर म्हणतो तेच पद.

१९३० च्या एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यात दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून वऱ्हाडाने कायदा मोडला. जुलैत बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापले आणि ते तुरुंगात गेले. कायदा न मोडता लढण्याचा काकांचा आग्रह त्यांच्या जुन्या सोबत्यांनीही आता बाजूला ठेवला होता. कधीकाळी वनखात्यात नोकरी केलेल्या काकांनी ती बातमी वाचली असेल तर त्यांच्या मनात काय आले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला ते वारले. आयर्लंड तोवर फाळणी आणि यादवी सोसून स्वतंत्र झाला होता.

शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. माझगावच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचे नाव दिलेले आहे. आपल्या धर्मग्रामातले बरेच जण दवाखान्याच्या किंवा मुलांच्या नोकरीच्या कामाने रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने मुंबईला जातात. सकाळी सीएसएमटीला उतरल्यावर हार्बर लाईनची गाडी धरली की तिसरे स्टेशन डॉकयार्ड रोड. बाग स्टेशनला लागूनच आहे. वर चढले की बंदर दिसते.

— आपला धर्मगुरू